चालू यंत्राची केबल

स्क्रीन काळा झाला तेव्हा तिच्या पोटात दीड लिटर पाणी होतं आणि पोटावर थंडगार, चिकट जेल. सोनोग्राफीच्या त्या खोलीत दोन स्क्रीन होते. एक यंत्रावरचा, तंत्रज्ञबाईंचा. दुसरा पायांच्या बाजूला भिंतीवर टांगलेला, झोपलेल्या माणसालाही आपल्या आतलं दिसावं म्हणून. आधी भिंतीवरचा गेला. त्याचं तिला काही वाटलं नाही, कारण त्या राखाडी धुक्यातलं तिला तसंही काही कळत नव्हतं. मग दोन सेकंदांनी यंत्रावरचं चित्र गोठलं, बाण जागच्या जागी थिजला, आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धडाधड खाली उतरल्या. तंत्रज्ञबाईंनी जिभेनं च्च केलं. बंद पडलंय, परत चालू करते, पाच-सात मिनिटं लागतील, तोवर असंच पडून राहा आणि बाथरूमला मात्र जाऊ नका, असं त्या एका दमात म्हणाल्या. आवाजावरून वाटत होतं की हे वाक्य त्या आठवड्यातून दोनदा तरी म्हणत असाव्यात. तिनं मान वळवून त्या ओळी वाचल्या. गेली अठरा वर्षं ती असल्याच ओळी वाचत आली होती. लोक पेपर वाचतात तशा. चौथ्या ओळीत एका फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याचं, नाव होतं. ते नाव तिनंच ठेवलं होतं.

"तुम्ही आत्ता भिंतीवरच्या स्क्रीनची केबल काढलीत का?" तिनं विचारलं.

"नाही," तंत्रज्ञबाई म्हणाल्या. केबल त्यांच्या हातात होती.

पोट तटतटलं होतं, कंबरेखालचा कागद घामानं चिकटला होता, आणि डोळ्यांसमोर स्वतःच्या हातची चूक पांढऱ्या अक्षरांत उभी होती. बरं, चूक म्हणावी तर ती एके काळी तिच्या अभिमानाची गोष्ट होती. ती ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिहायची, या यंत्रातलाही तिचाच होता. संगणकाला स्क्रीन जोडला की ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनं, त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. त्यातलं निम्मं काम मागण्याचं आणि उरलेलं निम्मं परत करण्याचं. चित्र ठेवायला मेमरी मागा, घड्याळ मागा, संदेश यायची वाट मागा. आणि काम संपलं की उलट्या क्रमानं सगळं बिनबोभाट परत करा. मागण्यात कुणी चुकत नाही, परत करण्यात सगळे चुकतात. सहा वर्षांपूर्वी तिनं परत करण्याचा तो सगळा जुना पसारा, दोनशे दहा ओळी, एका दुपारी काढून टाकला होता. कर्नलमध्ये एक सोय होती. मागतानाच सांगून ठेवायचं की हे या उपकरणाच्या नावावर आहे. उपकरण गेलं की कर्नल आपणहून सगळं काढून घेतो, तुम्ही काही लिहायचं नाही. दोनशे दहा ओळींच्या जागी नऊ ओळी. त्या दिवशी ती शिट्टी वाजवत घरी गेली होती. फक्त एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि तिनं ते बाजूला सारलं, की केबल काढली म्हणजे उपकरण जातं, पण ते वापरणारा प्रोग्रॅम जात नाही. तो बिचारा अजून चित्र काढतच असतो. माणूस आत आंघोळ करत असताना घर पाडायला काढावं तसं ते होतं. मेमरी त्या केबलच्या नावावर ठेवायलाच नको होती. शेवटचा वापरणारा हात उचलेपर्यंत ती जिवंत राहायला हवी होती. एवढी साधी गोष्ट. कॉलेजातल्या मुलालाही सांगता आली असती.

यंत्र सावकाश उठत होतं. तिनं छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि यंत्राच्या बाजूला चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला एक कागद तिला दिसला. त्यावर छापलं होतं: 'यंत्र चालू असताना बाह्य स्क्रीनची केबल काढू नये. असा वापर अपेक्षित वापरात बसत नाही.' खाली कुणाचं नाव नव्हतं, नुसतं ग्राहक सहाय्य विभाग. पण 'अपेक्षित वापरात बसत नाही' हे शब्द तिचे होते. आठ महिन्यांपूर्वी कुठल्याशा तपासणी केंद्रातून तक्रार आली होती, तीनच ओळींची. ग्राहक सहाय्याच्या मुलीनं ती तिच्याकडे ढकलली होती आणि तिनं चार मिनिटांत उत्तर लिहून तक्रार बंद केली होती. चार मिनिटं हे तिला नक्की आठवत होतं, कारण पुढच्या मीटिंगला तेवढीच उरली होती. त्या मीटिंगमध्ये काय झालं ते मात्र आठवत नव्हतं. आता तिला स्वतःचंच वाक्य दिवसाढवळ्या, आडवं पडून, फुटायला आलेल्या पोटानं वाचावं लागत होतं, आणि ते किती उद्धट आहे हे पहिल्यांदाच कळत होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर, ते ठरत नव्हतं. केबल काढून नाही म्हणणाऱ्या या बाईंवर, दीड लिटर पाणी प्यायला लावणाऱ्या डॉक्टरांवर, बाहेर बसून निवांत वह्या तपासणाऱ्या नवऱ्यावर.

यंत्र चालू झालं. तंत्रज्ञबाईंनी जेल पुन्हा लावलं आणि गेलेली मापं पुन्हा घेतली. डाव्या बाजूला जरा जास्तच वेळ, जरा जास्तच दाबून. भिंतीवरचा स्क्रीन काळाच राहिला. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ती मनातल्या मनात दोनशे दहा ओळी परत लिहीत होती.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसं झालं. तिनं सांगितलं की यंत्र बंद पडलं, आणि माझ्यामुळे बंद पडलं. मराठीचा मास्तर असल्यामुळे त्याला वाक्यातला कर्ता लगेच सापडतो. तुझ्यामुळे म्हणजे कसं, असं त्यानं विचारलं, आणि घरी पोचेपर्यंत ती त्याला केबलचं सांगत राहिली. रिपोर्टचं त्यानं दोनदा विचारलं. त्या बाई म्हणाल्या, शनिवारी डॉक्टर सांगतील, असं तिनं दोन्ही वेळा सांगितलं आणि पुन्हा केबलवर आली. तीन महिन्यांपासून तिच्या पोटात डाव्या बाजूला जडपणा होता. पण जडपणाबद्दल बोलण्यासारखं काही नसतं, आणि केबलबद्दल बोलण्यासारखं खूप असतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आणि लॅपटॉप घेऊन त्याच तपासणी केंद्रात गेली. ऑफिसात तिनं फक्त एवढंच सांगितलं होतं की यंत्रातल्या नोंदी उतरवून आणते. यंत्र बंद कसं पडतं हे तिला माहीत होतं. पण चालू यंत्राची केबल माणूस का काढतो हे तिला कळत नव्हतं, आणि त्याचा तिला मनस्वी वैताग आला होता. कागद डोळ्यांसमोर चिकटवलाय, काढल्यावर सात मिनिटं वाया जातात हे माहीत आहे, तरी काढायची. लोक असं का करतात? अठरा वर्षांत तिनं लोकांबद्दल हा प्रश्न इतक्या वेळा विचारला होता की त्याला उत्तर असतं हेच ती विसरली होती. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. खोलीत दिवे लागलेले होते आणि झोपायच्या टेबलावरचा कागद नवीन होता. उजेडात ती खोली अगदीच साधी दिसत होती, एखाद्या ऑफिसच्या मागच्या खोलीसारखी. तंत्रज्ञबाई डबा खात होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला, दिवसभर यंत्राचा दांडा पोटांवर दाबून दाबून हात गेलेला. ओळखपत्र पाहून त्यांनी डबा मिटला आणि आधीच सांगून टाकलं की आम्ही केबलला हात लावत नाही.

तिनं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून सांगितलं की हे मी लिहिलंय.

तंत्रज्ञबाईंनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, कुठल्यातरी वकिलानं लिहिलं असेल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर बोलणं सोपं झालं. तिनं सांगितलं की चूक यंत्राची आहे, म्हणजे माझी आहे. केबल कधीही काढता यायला हवी, ते मी दुरुस्त करतेय. तुमच्यावर काही येणार नाही, फक्त केबल नेमकी कधी काढता आणि कशासाठी, ते खरं सांगा. नोंदी तोवर लॅपटॉपवर उतरत होत्या. तंत्रज्ञबाई खुर्चीत मागे रेलल्या. त्यांच्या यंत्राबद्दल बोलायला कंपनीतून माणूस येण्याची ती त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतली पहिलीच वेळ असावी, कारण त्या फार मनापासून सांगू लागल्या. भिंतीवरचा स्क्रीन मालकांनी हौसेनं बसवलाय. बाळ बघायला येतात त्यांना बरं वाटतं. पण इथे काही सगळे बाळ बघायला येत नाहीत. बाकीचे पेशंट स्क्रीनकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. तोंड सांभाळायची मला सवय झालीय. पण मापं घ्यायला लागले की स्क्रीनवर आकडे येतात, रेघा येतात, गोल काढावा लागतो. मग पेशंट विचारतो, हे काय, एवढं मोठं कशाचं. मला सांगायची परवानगी नाही. सांगितलं नाही तर तो इथेच रडायला लागतो. "म्हणून नको असलेलं काही दिसलं की आधी मी त्यांचा स्क्रीन—"

आणि त्या थांबल्या. समोर कोण बसलंय हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. काल पाहिलेला चेहरा गळ्यातल्या ओळखपत्रामागे होता. त्यांचा हात डब्याच्या झाकणावर गेला आणि तिथेच राहिला.

खोलीत यंत्राचा पंखा फिरत होता. तिला तो फार स्पष्ट ऐकू आला. हे बेअरिंग दोन-तीन महिन्यांत जाणार, असं तिच्या मनात आलं. ती तंत्रज्ञबाईंकडे पाहत नव्हती. पायांखाली काही हललं वगैरे नाही. फक्त कालची ती सात मिनिटं उलगडून पुन्हा मांडली गेली: आधी भिंतीवरचा स्क्रीन, मग दोन सेकंद, मग पांढऱ्या ओळी. क्रम तिला पाठ होता. त्या क्रमाच्या आधी काहीतरी होतं, हे काल तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळं मागे मागे शोधत जाणं हाच तिचा धंदा, आणि ती केबलपाशी येऊन थांबली होती.

"त्या स्क्रीनला बंद करायचं बटण नाहीये का?" तिनं विचारलं.

"आहे. मागच्या बाजूला, भिंतीकडे. हात पोचत नाही." तंत्रज्ञबाईंचा आवाज अगदी खाली गेला होता. "रिपोर्ट डॉक्टर सांगतील. मी काही बोलले नाही."

तिनं वहीत लिहिलं, बटण भिंतीकडे, आणि त्याखाली रेघ मारली. नोंदी उतरल्या होत्या. निघताना तंत्रज्ञबाईंनी तिच्या दंडाला हात लावला, तो नेमका पट्टा बांधलेला हात होता, आणि यातली पुष्कळशी साधीच निघतात असं म्हणाल्या. मग आपण हेही बोलायला नको होतं असं वाटून त्यांनी दार उघडून धरलं.

गुरुवार तिनं कोड लिहिण्यात घालवला. मेमरी, घड्याळ, सगळं एकेक करून केबलच्या नावावरून काढायचं आणि शेवटच्या वापरणाऱ्याच्या नावावर ठेवायचं. केबल गेल्यावर प्रोग्रॅम हात लावायला आला तर त्याला शांतपणे सांगायचं की उपकरण आता नाही, तुझं तू आवर. काम अवघड नव्हतं, किचकट होतं. वीस ठिकाणी हात घालावा लागत होता. प्रत्येक ठिकाणी सहा वर्षांपूर्वीची ती स्वतः भेटत होती, हुशार, घाईतली, शिट्टी वाजवणारी, आणि तिला तिचा इतका संताप येत होता की दुपारी तिनं डिंक सांडल्यासारखी चिकट झालेली जुनी माउस उचलून कचऱ्यात टाकली. शेजारच्या सहकाऱ्यानं बरी आहेस ना विचारलं. माउस खराब होती, ती म्हणाली. घरी भाजी चिरताना ती नवऱ्याला वीस ठिकाणांपैकी अकरावं समजावून सांगत होती आणि तो नुसता हं हं करत होता. शेवटी हळूच म्हणाला की तुझ्या आवाजाला काय झालंय? काही नाही, काय व्हायचंय, तिनं उलट विचारलं, आणि बटाटे नको तितके बारीक चिरले.

शुक्रवारी दुपारी ती विभागप्रमुखांसमोर बसली. त्यांना सगळे 'बघूया' म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला ते तेच उत्तर देत. माणूस वाईट नव्हता. भांडण त्याला सोसायचं नाही एवढंच. सोमवारी नवीन आवृत्ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे जायची होती. त्यात वीस ठिकाणचे बदल आता घालायचे म्हणजे पुन्हा सगळ्या चाचण्या, पुन्हा सह्या, पुन्हा त्यांची मंजुरी. बघूयांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की बदल चांगला आहे, पण पुढच्या आवृत्तीत घेऊ, सहा महिन्यांनी. तोवर यंत्रावर एक स्टिकर लावायला सांगू. तिनं सांगितलं की स्टिकरसारखाच कागद तिथे आठ महिने चिकटवलेला आहे. तिनं केबल काढण्याची नोंद दाखवली, ओळी दाखवल्या, तंत्रज्ञबाईंचं काम काय असतं तेही सांगितलं, अर्थात सगळं नाही. बघूया मान हलवत राहिले. त्यांच्या टेबलावर काचेखाली मुलांचे फोटो होते आणि ते एका फोटोवरची धूळ, जी काचेच्या आत होती, बाहेरून पुसत होते.

"पण तूच लिहिलं होतंस ना," ते अखेर म्हणाले, अजिबात टोमणा न मारता. "चालू यंत्राची केबल कोण काढतं?"

"माझ्या पोटात काहीतरी दिसलं, म्हणून तिनं काढली," ती म्हणाली.

तिला हे बोलायचं नव्हतं. वाक्य तयार असावं कुठेतरी, आणि बाहेर पडायला त्याला नेमका हाच माणूस सापडला. बघूयांनी काच पुसायचं थांबवलं. मग त्यांनी फोन उचलला, चाचणीवाल्यांना सांगितलं की सोमवार नाही, पुढचा गुरुवार. कारण मी नंतर सांगतो. फोन ठेवून ते तिला म्हणाले, टाक तो बदल, सही मी करतो. आणखी काहीतरी विचारावं असं त्यांच्या मनात होतं, पण धीर झाला नाही.

ती बाहेर आली ती जिंकून, आणि पहिल्यापेक्षा जास्त चिडून. म्हणजे नोंदी चालल्या नाहीत, तर्क चालला नाही, सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईचा अनुभव चालला नाही. चाललं काय, तर तिचं पोट. तिला आत जाऊन बघूयांना सांगावंसं वाटलं की माझं पोट ठणठणीत असतं तरी ही चूक एवढीच मोठी होती. पण तिचं स्वतःचंच पोट तिथे आडवं होईपर्यंत तिनं तरी काय केलं होतं? बदल तिनं चारच्या सुमारास आत टाकला. सोबत बदलाचं कारण लिहावं लागतं. तिनं एकच ओळ लिहिली: 'केबल कुणीही, केव्हाही, आपल्या कारणानं काढू शकतं.' कुणी आक्षेप घेतला नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिनं नवऱ्याला सांगितलं. आधी बदल मंजूर झाला हे सांगितलं, मग कसा मंजूर झाला हे सांगावं लागलं, आणि मग उरलेलं. तो वह्या बाजूला ठेवून ऐकत होता. त्याच्या बोटांना लाल शाई लागली होती.

"कधीपासून माहितीये तुला?"

"बुधवारपासून."

"आणि तीन दिवस तू मला केबलचं सांगतेयस."

त्याचा चेहरा कधी नव्हे तो कठीण झाला होता. बघूयांना आधी कळलं आणि मला नंतर, असं तो पुढे म्हणाला, आवाज न चढवता, आणि उठून शाई धुवायला नळापाशी गेला. शाई निघाली तरी तो हात धूतच राहिला. तिला वाटलं, आता भांडण होईल, आणि तिला ते हवंही होतं. झालं नाही. उद्याची वेळ साडेदहाची आहे ना, मी पहिले दोन तास सुट्टी टाकतो, एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरांनी शनिवारी सांगितलं ते असं. डाव्या बीजकोशावर गाठ आहे, साडेसहा सेंटीमीटरची. दिसायला साधी दिसतेय, पण काढल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. काढावी लागेल. गाठ पुढे साधीच निघाली, पण ते कळायला अजून पंचवीस दिवस होते, आणि त्या सकाळी त्या पंचवीस दिवसांच्या अलीकडच्या टोकाला ती दोघं बसली होती. डॉक्टरांनी त्यांचा स्क्रीन तिच्याकडे वळवला. राखाडी धुक्यात एक काळा गोल, त्याला आरपार दोन रेघा, बाजूला आकडे. रेघा अगदी नेमक्या काटकोनात होत्या. सात मिनिटं वाया गेल्यावर, दुखऱ्या हातानं, दुसऱ्यांदा मारलेल्या रेघा. ती पाहत राहिली. नवरा प्रश्न विचारत होता, शस्त्रक्रिया किती तासांची, सुट्टी किती दिवसांची, आणि वहीत क्रमांक घालून उत्तरं लिहून घेत होता.

बाहेर पॅसेजमध्ये दोघं लिफ्टसमोर उभी राहिली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकून बसली होती. कुणीतरी वर दार धरून गप्पा मारत असावं. हसण्याचा आवाज खालपर्यंत येत होता. शेजारी एक माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबत होता, दाबल्यानं लिफ्ट लवकर येते असं समजून. एरवी एवढ्यावर तिचा पारा चढला असता. तिनं त्या माणसाकडे नीट पाहिलं, वरच्या आवाजाकडे कान दिला, राग येतो का याची वाट पाहिली. तो आला नाही. मंगळवारपासून तिच्यामागे जे चाललं होतं ते आता पुढे येऊन उभं राहिलं होतं, आणि तो राग नव्हता, भीती होती. तिनं नवऱ्याच्या हातातली वही काढून घेतली, म्हणजे त्याचा हात मोकळा होईल.